तिथली ओल वेगळी

"ती खोली सोडा," साहेब म्हणाले. "तिथली ओल वेगळी आहे."

प्लंबरने हातातला टॉर्च विझवला. हॉलच्या भिंतीवर टीव्हीमागे रंगाला फुगे आले होते, बोट लावलं की पोपडा हातात येत होता, आणि हा गृहस्थ ओलीच्या जाती सांगत होता. पंचवीस वर्षं तो लोकांच्या भिंती हुंगत आला होता. लोक तीन-तीन वेळा रंग थापतात, वर कॅलेंडर टांगतात, पण ओल येते कुठून ते बघायचं नाव काढत नाहीत, हे त्याला पाठ होतं. वेगळी ओल मात्र त्याने आजवर पाहिली नव्हती.

"वेगळी म्हणजे?"

साहेबांनी बायकोकडे पाहिलं. बाईंनी आवाज खाली आणला, पण तो हॉलभर ऐकू जाईल इतकाच. "बाबांचं वय झालंय. रोज सकाळी पलंगाशी ओलं असतं. सहा महिने झाले. संध्याकाळी सहानंतर पाणीसुद्धा देत नाही आम्ही, तरी तेच. डॉक्टरांना सांगून झालं, नणंदांना सांगून झालं, शेजारी तर आता रोज विचारतात. शेवटी सोमवारी वृद्धाश्रमात नेऊन सोडतोय."

बाबा तिथेच, दाराजवळच्या खुर्चीत बसले होते. त्यांनी गुडघ्यावरचं कापड हाताने सारखं केलं. कुत्र्याबद्दल बोलायचं तरी माणसं जरा बाजूला जातात, असं प्लंबरच्या मनात आलं. तो सरळ त्या खोलीत शिरला.

पलंगावर चादरीखाली प्लास्टिक होतं, कुशीवर वळलं तरी वाजेल असं. टेबलावर पेला पालथा घातलेला. कोपऱ्यात भरलेली बॅग, तिचं कुलूपसुद्धा लावून ठेवलेलं. प्लंबर गुडघ्यावर बसला आणि स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने भिंतीलगतची फरशीची पट्टी ठोकली. ती पोकळ वाजली. थोडी उचकटल्यावर मागे हिरवंगार शेवाळ दिसलं. त्याने जमीन फडक्याने कोरडी केली, भिंतीच्या कडेला वर्तमानपत्राची घडी सरकवली आणि बाहेर येऊन दार ओढून घेतलं.

"आता अर्धा तास सगळे नळ बंद. बाबा, तुम्ही इथेच बसायचं. सगळ्यांच्या समोर."

"याने काय सिद्ध होणार?" साहेबांनी घड्याळात पाहिलं. त्यांना सगळ्याच गोष्टींचं उत्तर आधीपासून ठाऊक असायचं.

प्लंबर त्यांना बाहेर पाण्याच्या मीटरपाशी घेऊन गेला. घरात एक थेंब कोणी वापरत नव्हतं आणि काचेआडचं लाल चाक सावकाश, अगदी मजेत फिरत होतं.

"मीटर खराब असेल," साहेब म्हणाले.

"मीटर खराब, बाबा खराब. घरात धड तुम्ही एकटेच."

साहेबांनी ते ऐकलं नाही असं दाखवलं.

अर्ध्या तासाने वर्तमानपत्र या टोकापासून त्या टोकापर्यंत भिजलेलं होतं. बाबा खुर्चीतून हललेसुद्धा नव्हते. प्लंबरने ते दोन बोटांत उचललं आणि साहेबांच्या नाकाशी धरलं. साहेब मागे सरकले.

"घ्या वास. कसला येतो?"

"कसलाच नाही."

"पाण्याला नसतोच."

सहा महिन्यांत या घरात कोणी एकदा वाकून वास घेतला नव्हता. प्लास्टिक तेवढं दोनदा बदललं होतं. प्लंबरला तिथे थुंकावंसं वाटलं, पण फरशी त्याने नुकतीच पुसली होती.

त्या भिंतीच्या पलीकडे नवी बाथरूम होती. भिंतीवर माणूस डोक्यापासून पायापर्यंत दिसेल एवढा आरसा लावलेला.

"हा कोणी लावला?"

"मी स्वतः," साहेबांची छाती जराशी फुगली. "मिस्त्री लोक टाइल्स फोडून ठेवतात. मी ड्रिल विकत आणलं, चार इंची स्क्रू मारले. बघा, हलतोय का."

"कधी लावला?"

"झाले असतील सहा..." साहेब तिथेच थांबले.

"भिंतीतून पाइप कुठून जातो, ते बघितलं होतं?"

साहेब आरशाचे स्क्रू एकेक करून बघू लागले.

"तो कमरेजवळचा स्क्रू काढा. तुम्हीच काढा. तुमच्या हातचं काम आहे."

असलं काम करताना आधी मुख्य कॉक बंद करायचा असतो. पंचवीस वर्षांत प्लंबर तो पहिल्यांदाच विसरला. विसरला असं आपण म्हणू.

गंजलेला स्क्रू शेवटच्या आट्यातून सुटला आणि पाण्याची धार सरळ साहेबांच्या पट्ट्याखाली बसली. ते मागे सरकले, घसरले, आरशाला धरून कसेबसे उभे राहिले. आरसा खरोखरच हलला नाही. प्लंबर घाई न करता बाहेर गेला आणि त्याने कॉक बंद केला. परत येताना मीटरकडे नजर टाकली. लाल चाक थांबलं होतं.

साहेब हॉलमध्ये आले. फिकट रंगाची पँट पुढून गुडघ्यापर्यंत भिजून काळपट झाली होती आणि फरशीवर थेंब पडत होते. बाई टॉवेल घेऊन आल्या आणि तो कोणाला द्यायचा ते न कळल्यासारख्या मध्येच उभ्या राहिल्या.

बाबांनी मान वर केली. मुलाच्या पँटकडे पाहिलं, खालच्या थेंबांकडे पाहिलं. मग खुर्चीच्या हातांवर जोर देऊन उठले आणि त्याच्याजवळ गेले.

"जा, बदलून ये," ते हळूच म्हणाले. "मी कोणाला सांगणार नाही."