थोरल्याचं नाव

सुआदनं कुलूप एकदा ओढून पाहिलं, किल्ली झग्याच्या खिशात टाकली, आणि तेवढ्यात खाली गाड्यांची दारं आपटली. पाहुणे आले. आतून मुहन्नदनं दारावर हळूच टकटक केलं.

"आता नाही, राजा," ती दाराला तोंड लावून म्हणाली. "जरा गप बस. बिस्किटं ठेवलीत ना?"

तो गप बसला. पंचविशीतला दांडगा मुलगा, पण आईनं बस म्हटलं की बसायचा. तिला कधीकधी ह्याचंच रडू यायचं.

आज रीमला मागणी घालायला माणसं येत होती. मुहन्नदसारखा भाऊ घरात असलेल्या मुलीला कोण करून घेणार? रीमची आधीची स्थळं ह्याच पायी मोडली होती. म्हणून तर तिच्या बापानं, फौझीनं, गाव सोडलं. इर्बिद शहरात नवं घर घेतलं आणि नवं नावही. बापाला थोरल्या मुलाच्या नावानं हाक मारायची, हे काय सांगायला हवं? गावात तो अबू मुहन्नद होता, मुहन्नदचा बाप. इथं आल्या दिवसापासून त्यानं धाकट्याचं नाव लावलं. अबू लैस. लैस कुवेतला नोकरीला होता, चारचौघांत त्याचं नाव घ्यायला लाज नव्हती. सुआद झाली उम्म लैस, लैसची आई. सुरुवातीला शेजारणींनी ह्या नावानं हाक मारली की तिची मानच वळत नसे. बाई कानानं अधू आहे, असं बायकांनी परस्पर ठरवून टाकलं.

मुहन्नद ह्या घरात आहे हे बाहेरच्यांपैकी एकट्या निहादला ठाऊक होतं. अशा मुलांसाठी वस्तीत जे केंद्र होतं, तिथली ती मुलगी. दर आठवड्याला त्याला शिकवायला यायची. सुआदनं शेजारी ती शिवणवाली असल्याचं सांगून ठेवलं होतं, आणि बिचारी निहाद खरोखरच कापडाची पिशवी घेऊन जिना चढायची. आपलं नाव कानावर आलं की 'मी इथं आहे' म्हणायचं, एवढं त्याला शिकवायला तिनं जिवाचं रान केलं होतं.

"त्याला कोंडू नका, मावशी," ती कालच म्हणाली होती. "केंद्रात आणून सोडा. दिवसभर मी बघते."

"आणि नेताना कुणी पाहिलं म्हणजे? तू शिवणवाली आहेस, शिवणवालीसारखी राहा, बाई."

बोलून झाल्यावर सुआदला स्वतःचीच चीड आली होती. पण एकदा रीमचं होऊन जाऊ दे, मग बघू. हे ती वर्षानुवर्षं म्हणत आली होती.

बैठकीत कॉफी फिरली. मुलाकडचे वडीलधारे हाजी झियाब. त्यांनी आपला छोटा पेला उचलला आणि न पिताच समोर ठेवला. होकार मिळेपर्यंत तो ओठाला लागायचा नव्हता. पडद्याआडून सुआद त्या पेल्याकडेच बघत होती. तिचा जीव टांगणीला लागला होता.

"अबू लैस," हाजी म्हणाले, "तुमची रीम आमच्या फारिसला द्या. बोला, देता शब्द?"

फौझीचा ऊर भरून आला. एवढी मोठी माणसं आपल्या दारात! तो उठला. सौदा असो की शपथ, आयुष्यभर तो एकाच नावानं शब्द देत आला होता. त्यानं छातीवर हात मारला.

"दिली! अबू मुहन्नदनं शब्द दिला!"

तोंडातून गेलं ते गेलं.

"मी इथं आहे!" आतून खणखणीत आवाज आला. पाठोपाठ दारावर थाप. "मी इथं आहे! मी इथं आहे!"

उत्तर बरोबर आलं की निहाद शाबास म्हणायची. आज कुणी म्हणेना, म्हणून तो आणखी जोरात ओरडत होता.

"कोण आहे ते?" हाजींनी विचारलं.

"कोणी नाही," फौझी म्हणाला. थाप थांबेना, तसा आतल्या बाजूला तोंड करून ओरडलाच, "इथं कोणी नाही!"

थाप थांबली.

हाजींनी पेल्याकडे नेलेला हात मागे घेतला. "विचारलं अबू लैसला, शब्द दिला अबू मुहन्नदनं. ह्या नावाचं कोणी नसेल, तर हा शब्द कुणाचा समजायचा?"

पडद्याआड रीमनं आईचा दंड घट्ट धरला. "आई, बोल तू," ती कुजबुजली. "मोडलं तर मोडू दे."

सुआद पडदा सारून थेट पुरुषांच्या बैठकीत येऊन उभी राहिली.

"माझा थोरला आहे तो. मुहन्नद. जन्मापासून त्याची समज लहान आहे." तिनं खिशातली किल्ली काढून सगळ्यांसमोर धरली. "कोंडलाय मी त्याला."

हाजींनी किल्लीकडे बोट दाखवलं.

"मग ज्याच्या नावानं शब्द दिलात, तो आत का?" ते म्हणाले. "आणा त्याला. इथं माझ्या शेजारी बसू दे, मग कॉफी पितो."

सुआदला हुंदका फुटला. किती वर्षं छातीवर ठेवलेला दगड उतरला होता. ती धावत आत गेली. तिनं कुलपात किल्ली घातली. मागं बैठकीतून हाका सुरू झाल्या. "मुहन्नद! ये रे बाबा!" त्यात फौझीचाही आवाज होता.

दार उघडलं. मुहन्नद पलंगावर पाय पोटाशी घेऊन, दोन्ही हातांनी तोंड दाबून बसला होता.

"चल, राजा. बाबा बोलावतायत तुला. ऐक, सगळे तुझंच नाव घेतायत. मुहन्नद!"

त्यानं तोंडावरचे हात काढले. नवा धडा म्हणून दाखवावा तसं, एकेक शब्द नीट जुळवत तो म्हणाला,

"मुहन्नद नाही. इथं कोणी नाही."