ऐंशी टक्के जोर

हॉलिसने फळ्यावरून विल्मरच्या नावाची चुंबकपट्टी काढली आणि टेबलावरून लेलंडकडे सरकवली. "बाराला उत्तर द्यायचंय. एकेकदा हातात घ्या."

ही या संघाची जुनी रीत. कुणाला दुसऱ्या संघाकडे धाडायचं ठरत आलं, की त्याच्या नावाची पट्टी खोलीतल्या प्रत्येकाच्या हातून जायची.

हॉटेलच्या त्या खोलीत तिघंच होते. संघाचा व्यवस्थापक हॉलिस, गावोगावची पोरं हेरणारा म्हातारा लेलंड, आणि आकडेमोड करणारी टेसा. बेसबॉलच्या येत्या हंगामासाठी त्यांना एक स्टार्टिंग पिचर, म्हणजे सामन्याच्या सुरुवातीपासून चेंडू फेकणारा, हवा होता आणि वाटा दोनच होत्या. करार संपून मोकळा झालेला डुफ्रेन घ्यायचा. वय चौतीस, खांद्यावर एक शस्त्रक्रिया झालेली, तरी हट्ट चार वर्षांच्या कराराचा. नाहीतर वरच्या मजल्यावर उतरलेल्या संघाकडून त्यांचा सव्वीस वर्षांचा धडधाकट पिचर घ्यायचा आणि बदल्यात विल्मर द्यायचा; त्यांना बाराच्या आत उत्तर हवं होतं. विल्मर एकोणीसचा. तोही पिचरच, पण मोठ्या मैदानावर अजून एक चेंडूही न टाकलेला.

टेसाच्या गणिताने अदलाबदलीकडे बोट दाखवलं होतं. ऑगस्टपासून विल्मरच्या चेंडूचा वेग ताशी सहा मैलांनी घसरला होता. तो पुढे मोठा पिचर होण्याची शक्यता: शंभरात अकरा.

"अकरा," लेलंड पट्टी बोटांत फिरवत म्हणाला. "त्या अकरांत तो नाही, हे तुझ्या यंत्राला कुणी सांगितलं, पोरी?"

"आणि आहे, हे तुम्हाला कुणी सांगितलं?"

"त्याच्या आईनं."

हॉलिस हसला. "लेलंड, तुला प्रत्येकाच्याच आईनं जेवू घातलंय. त्यावर संघ उभा राहत नाही."

लेलंडने पट्टी टेसाच्या हातात दिली आणि खिडकीशी जाऊन उभा राहिला. खेळाडूला दिलेली सूचना पट्टीच्या मागे चिकटवून ठेवायची त्यांची पद्धत होती. टेसाने सहज पट्टी उलटली.

'१ ऑगस्टपासून ऐंशी टक्के जोर. हात जपा.'

अक्षर तिचंच होतं. जुलैत तिने चौदा जणांसाठी अशा चिठ्ठ्या लिहिल्या होत्या आणि विसरून गेली होती.

वेग घसरला नव्हता. तिनेच कमी करायला लावला होता. पोरगा सांगितल्याप्रमाणे वागला, आणि तिच्या गणिताने त्यालाच त्याची शिक्षा दिली.

लेलंडने मागची बाजू पाहिली नव्हती. त्याचा चष्मा कपाळावरच होता. पट्टी सरळ करून टेबलावर ठेवली असती, तर कुणाला काही कळलं नसतं. बाराला दहा कमी होते. हॉलिसने फोन हातात घेतला.

"थांबा," ती म्हणाली. "आकडा चुकलाय. माझ्यामुळे."

तिने पट्टीची मागची बाजू त्याच्यासमोर धरली. हॉलिसने ती दोनदा वाचली.

"मग अकरा नाही तर किती?"

"माहीत नाही. चौदाही जणांचं पुन्हा मांडावं लागेल. संध्याकाळ होईल."

लेलंड खिडकीपासून वळला. "'माहीत नाही'! तीन वर्षांत पहिल्यांदा माझ्या भाषेत बोललीस."

"संध्याकाळ माझ्याकडे नाही," हॉलिस म्हणाला. "नऊ मिनिटं आहेत. त्या डुफ्रेनचा खांदा चार वर्षं टिकेल, असं लिहून देशील?"

टेसा फळ्याशी गेली आणि विल्मरच्या रिकाम्या जागी पट्टी लावली. चुंबक जुना झाला होता. पट्टी हळूहळू खाली घसरू लागली.

मागे हॉलिस फोनवर आकडे दाबत होता. वरच्या मजल्यावरच्या संघाचे की डुफ्रेनचे, ते तिला दिसत नव्हतं. ती अंगठ्याने पट्टी दाबून तशीच उभी राहिली.