चेटकिणीचा आवाज

"वर्षभरात तुमची चेटकीण एकदाच मेलीय, काकू? गेम आम्ही बनवला, पण आम्हालाही हे जमत नाही," पडद्याकडे बघत निनाद म्हणाला. मग चाचरत म्हणाला, "उद्यापासून गेमच्या पाचही भागांत तिचा आवाज बदलतोय. मुक्ता गेल्यापासून आम्हाला कुणालाच तो ऐकवत नाही."

शैलजाबाईंनाही ऐकवत नव्हता. झाडूवरच्या गुबगुबीत चेटकिणीला गोळी लागली की ती त्यांच्या मुलीच्या, मुक्ताच्या आवाजात 'आई गं' म्हणायची. म्हणून तर त्या तिला गुलाबी गोळ्यांच्या माऱ्यातून जपून काढायला शिकल्या होत्या.

"बरं झालं," त्या म्हणाल्या.

निनाद गेल्यावर त्यांनी गेम सुरू केला. पडदा गोळ्यांनी भरला, तशी त्यांनी बटणांवरची बोटं उचलली.

"आई गं."

"ओ," शैलजाबाई म्हणाल्या.