थेल्माची डुलकी

लिनोची पुतणी विनिफ्रेड कॉम्प्युटरला हातांच्या खुणा वाचायला शिकवत होती, म्हणून त्याची जन्मापासून बहिरी बायको थेल्मा सकाळभर दोन्ही हात वेगळे ओळखू यावेत यासाठी एक लाल, एक पिवळा हातमोजा घालून कॅमेऱ्यासमोर खुणा करत बसली. दुपारी ठाण्याच्या खाडीचा वारा लागताच ती मोज्यांसकट आरामखुर्चीत पेंगली आणि झोपेतच तिची बोटं भरतीच्या पाण्यातल्या शेवाळासारखी हलू लागली. कॅमेरा चालूच होता.

“बघ गो, झोपेतपण मलाच शिव्या!” लिनो गरजला. बायकोला ऐकूच येत नाही, तर आवाजात काटकसर कशाला, असा त्याचा लग्नापासूनचा हिशेब. “रोजचं हे झोपेतलं बोटांचं पुटपुटणं, मला एक अक्षर कळत नाही. विचार तुझ्या मशीनला, काय म्हणते माझ्याबद्दल!”

चहा गार होईपर्यंत कॉम्प्युटरने विचार केला. मग पडद्यावर शब्द उमटले : ‘हळू बोल. ऐकू येतं.’

विनिफ्रेड ओशाळली. “चुकलं ते, अंकल. अजून कच्चं आहे. आंटीला उठवून विचारू?”

लिनोने तिचा हात धरला.

“नको गो,” तो कुजबुजला. “झोपेत तरी ऐकू दे तिला.”