आपल्यातला

स्वप्नासाठी स्थळं बघायचं काम आदर्शदादानं कॉम्प्युटरला लावून दिलं होतं. स्क्रीनवर एकेका पायरीचा ठोकळा ओढून पुढच्याला जोडला, की झालं. विवाहाची साइट रोज आपोआप उघडायची, आलेली स्थळं तपासली जायची. "तू टेन्शन घेऊ नको, मी आहे ना," दादा म्हणायचा. दोन वर्षांत एकही स्थळ तिच्यापर्यंत आलं नाही.

आज कोठी भागातल्या ऑफिसातून ती घरी आली, तर दादाच्या लॅपटॉपवर एक ठोकळा लाल होऊन अडकलेला. तिनं सहज वाचला. 'मुलगा आपल्यातला नसेल, तर स्वप्नाच्या नावानं नकार पाठवा.'

"दादा, हे तू लावलंस?"

"हल्लू बोल ना."

"का हल्लू बोलू? वहिनी तेलुगू म्हणून तुझ्या लग्नाला घरातलं माझ्याशिवाय कुणी आलं नाही. साक्षीदार म्हणून सही मी केली. तुझ्यासाठी बाबांशी मी भांडले. आणि तूच?"

दादानं लॅपटॉप मिटला. "म्हणूनच. माझ्या हातून झाली ती चूक तुझ्या हातून व्हायला नको."

दारात शिरीषावहिनी चहाचा ट्रे घेऊन उभी होती. लग्न होऊन आली तेव्हा तिला मराठीचा एक शब्द कळत नव्हता. स्वप्नानंच तिला रोज जवळ बसवून शिकवलं होतं.