पूर्व डावीकडे

दुपारचं ऊन थेट डोळ्यांवर यायला लागलं, तेव्हा दिगंबररावांनी कपाटातली ती पांढरी चादर काढली आणि डोक्यावरून ओढून घेतली. बायको गेल्यापासून धुतलेली चादर हाताशी नसे. हीच तेवढी कोरी राहिली होती.

चादर तिनंच केलेली. त्यांनी मासिकासाठी काढलेला आकाशाचा नकाशा समोर ठेवून तिनं प्रत्येक ताऱ्याच्या जागी भोक पाडलं होतं, ठळक ताऱ्याला मोठं, मंद ताऱ्याला बारीक. मग काजाला घालतात तसे कडेनं टाके. वर्ष गेलं त्यात. पलंगावर अंथरून दाखवली, तर हे वैतागले.

"अगं, पूर्व उजवीकडे गेली. हा काय जमिनीचा नकाशा आहे? आकाश आपण खालून बघतो, तिथं पूर्व डावीकडे येते. सगळं उलटं झालंय."

"पांघरायची आहे हो ती," एवढंच ती म्हणाली आणि घडी घालून आत ठेवून आली.

आता उन्हानं एकेक भोक उजळत गेलं. डावीकडे स्वाती उगवत होती, उजवीकडे मृग मावळत होता. सगळं जागच्या जागी.

"बरोबर आहे गं," ते चादरीतूनच म्हणाले.

चादर दोघांच्या मापाची होती. आकाशाचा मध्य तिनं बरोबर दोन उशांच्या मधे धरला होता, त्यामुळे मृग नीट बघायला तिच्या बाजूला सरकावं लागत होतं.

आता सरकायला जागा होती.