तिसरा खण

फ्रीजर दुपारपर्यंत रिकामा करायचा होता, आणि नेमके तेव्हाच मास्तर प्रयोगशाळेच्या दारात उभे.

"या मास्तर," ती म्हणाली. मनात म्हणाली, आजच यायचं होतं का यांना!

मास्तर पेशाने शिंपी. सहा वर्षांपूर्वी त्यांच्या मुलीच्या मांडीच्या हाडातली कर्करोगाची गाठ काढली, तिचा एक तुकडा संशोधनासाठी इथे आला. मुलगी काही वाचली नाही. तेव्हापासून दरवर्षी ऑपरेशनच्या तारखेला मास्तर यायचे, घटकाभर टेकायचे, "काही लागलं का हाती?" विचारायचे. आणि उठता उठता, "आमची कुठल्या खणात?" ती फ्रीजरच्या तिसऱ्या खणाकडे बोट दाखवायची. खरं तर तुकड्यांच्या कुप्यांवर नुसते आकडे. कुठली कुणाची, ते नियमाने तिलाही कळत नसे. पण बापाला आकडा काय सांगायचा?

"काही लागलं का हाती?"

"नाही हो." टोलवाटोलवी करायलाही तिच्या अंगात त्राण उरलं नव्हतं. टेबलावरचं पत्र तिने सरळ पुढे केलं. अनुदान बंद झालं होतं.

मास्तरांनी कपाळावरचा चष्मा खाली ओढला आणि टाके मोजावेत तसं एकेक अक्षर वाचलं. "'रुग्णसंख्या अत्यल्प.' अत्यल्प? आमच्या घरात तर सगळ्या पोरांना झाला की. एकच होती ना."

तिला रडूही येत नव्हतं, नुसता शीण आला होता. अकरा वर्षं ती इथे राबत होती, आणि तिच्या जन्माआधीची औषधंच अजून पोरांना चालली होती.

"शेजारच्या विभागाने एका खणापुरती जागा दिलीय," ती म्हणाली. "पाचातला एक राहील. बाकीचे चार आज भट्टीत."

मास्तरांनी मान डोलावली. मग पिशवीतून जाड हातमोजे काढून तिच्यापुढे धरले. "मागल्या खेपेला तुमचे फाटके बघितले होते. माप न घेता शिवलेत. बसले नाहीत तर घाला शिव्या, गिऱ्हाइकांच्या खायची सवय आहे मला."

तिने हात घातले. आत दुहेरी अस्तर, आणि बोटन्‌बोट बरोबर बसलेलं. तेव्हा मात्र तिला राहवेना.

"मास्तर, ते तिसऱ्या खणाचं मी तुम्हाला खोटंच सांगत आले. तुमची कुठल्या खणात आहे, मला नाही माहीत."

"ठाऊक आहे मला," मास्तर म्हणाले. "पहिल्या वर्षी तुम्ही दुसरा दाखवला होता."

तिने फ्रीजरचं दार उघडलं. थंड वाफ दोघांच्या अंगावर आली. पाच खण, एकसारखे.

"मग आता कुठला ठेवू?"

"ज्याचा पोरांना उपयोग होईल तो ठेवा," रिकाम्या पिशवीची घडी घालत मास्तर म्हणाले. "आमची त्यातच आहे."